पहिल्यांदाच चीन: बीजिंग, शिआन, शांघाय, सोबत शाकाहारी आई-बाबा. काय काय तयारी करू?

ओवी_ठाणे
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आता गरज पडली म्हणून धागा काढतेय. यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, मुलाच्या शाळेला सुट्टी आहे, तर आम्ही चीनला जायचं म्हणतोय. मी, नवरा, मुलगा (वय ९) आणि माझे आई-बाबा. बीजिंग, शिआन, शांघाय एवढंच, उगाच धावपळ नको. आई-बाबा पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि बाबांचे गुडघे कुरकुरतात. टूरवाल्यांचे भाव ऐकून नवरा म्हणाला आपलं आपण जाऊ. युरोप तसंच केलं होतं. पण चीन म्हटल्यावर जो तो घाबरवतोय, तिथे गुगल नाही, कार्ड चालत नाही, इंग्रजी कुणाला येत नाही, खायला काही मिळत नाही. खरंच इतकं अवघड आहे का हो? व्हिसापासून खाण्यापर्यंत जे सुचेल ते लिहा.

फिरस्ता_देवगड
रुमाल टाकून ठेवतोय. जाणकार येतीलच.

पुदोंगकर
ताई, नोकरीमुळे बरीच वर्षं शांघायला आहे म्हणून जरा लांबण लावतो.

अवघड नाही. पण युरोपात जसं उतरल्यावर बघू म्हणून निभतं तसं इथे निभत नाही. इथली अर्धी ट्रिप मोबाईलमधे असते आणि तो मोबाईल ठाण्यात बसूनच तयार करायचा. विमानतळावर उतरून ॲप टाकू म्हणाल तर गुगल प्ले उघडत नाही, बँकेचा ओटीपी येता येत नाही, आणि मागे आई-बाबा बॅगा धरून उभे.

पैशांचं आधी. अलीपे हे इथलं पेमेंटचं ॲप टाका, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवून घ्या आणि कार्ड जोडा. कार्ड व्हिसा नाहीतर मास्टरकार्ड, रुपे नको, आणि आपलं यूपीआय तेवढे दिवस विसरा. इथलं दुसरं ॲप वीचॅट, त्याच्यावर भारतात २०२० पासून बंदी आहे, त्याच्या नादी लागू नका, एकट्या अलीपेवर सगळं भागतं. महत्त्वाचं म्हणजे बँकेच्या ॲपमधे जाऊन कार्डाचा परदेशातला वापर चालू आहे का ते बघा. बऱ्याच कार्डांवर तो बंदच असतो, मग कार्ड जोडलं जातं पण पहिल्याच पेमेंटला नकार येतो. तुमच्या फोनवर एका बँकेचं आणि मिस्टरांच्या फोनवर दुसऱ्या बँकेचं अशी वाटणी केलीत तर एक अडकलं तरी दुसरं असतं. २०० युआनपर्यंतच्या पेमेंटला ॲप वर काही घेत नाही, त्याच्या वर गेलं की सगळ्या रकमेवर ३ टक्के. एक युआन साधारण तेरा रुपये धरा. हॉटेलचं बिल वगैरे मोठं असेल तर ते सरळ कार्ड स्वाइप करून द्या, पासपोर्ट तपासणाऱ्या हॉटेलात मशीन बहुधा असतं.

रोज वापरायच्या दोन तऱ्हा. मोठ्या दुकानात तुमच्या फोनवरचा कोड ते स्कॅन करतात, छोट्या ठिकाणी त्यांचा कोड तुम्ही. थंडीत रस्त्यावर ड्रमच्या भट्टीत रताळी भाजून विकणाऱ्या आजी दिसतील, त्यांच्या तराजूलासुद्धा कोडाचा कागद सुतळीने बांधलेला असतो. तुम्ही आकडा टाकून पैसे पाठवलेत की आजींच्या स्पीकरमधून रक्कम मोठ्याने ऐकू येते, आजी मान हलवतात, झालं. रोकड थोडी ठेवा, नोट नाकारणं इथे बेकायदेशीर आहे, पण सुट्टे कुणाकडेच नसतात त्यामुळे दहा-वीसच्या नोटा जवळ बऱ्या.

आता नेट. व्हॉट्सॲप, गुगल, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टा इथल्या नेटवर बंद. पण आपल्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंगचा पॅक घेतला, किंवा भारतातूनच प्रवासी ईसिम टाकून आलात, तर तो डेटा बाहेरच्या देशातून फिरून येतो आणि सगळं नेहमीसारखं चालतं. हॉटेलच्या वायफायला फोन जोडला की पुन्हा बंद. हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, त्यांच्या फोनवर वायफाय बंदच ठेवा, नाहीतर रोज संध्याकाळी माझं व्हॉट्सॲप बिघडलं म्हणून तुम्हाला हाक येणार. इथलं सिम विकत घेतलंत तर त्याच्यावरही हीच बंदी लागू.

नकाशा: गुगल मॅप चालला तरी त्याच्यावर विसंबू नका, चीनचे नकाशे वेगळ्या मोजणीवर बेतलेले असतात त्यामुळे ठिपका चांगला काही शे मीटर सरकलेला असतो. आयफोन असेल तर ॲपलचा नकाशा उत्तम, नाहीतर ॲमॅप टाका, त्यात आता इंग्रजी आहे. टॅक्सीला दीदी, ती अलीपेच्या आतच सापडते, वेगळं ॲप नको. विमानतळावर अंगावर येऊन टॅक्सी टॅक्सी करणाऱ्याच्या मागे मात्र जाऊ नका, अधिकृत रांग असते तिथेच उभं राहा.

व्हिसाचं कुणीतरी अलीकडे काढलेल्याने लिहा.

एकारांत
पुदोंगकर, सुंदर प्रतिसाद. पण रोमिंग महाग पडतं हो, पाच जणांचं. मी तर व्हीपीएन (नेटवरची बंदी चुकवणारं ॲप) घेऊन गेलो होतो आणि हॉटेलच्या वायफायवर मजेत चालत होतं.

पुदोंगकर
@एकारांत, तुमचं चाललं, चांगलंय. पण ते कधी चालतं कधी नाही, नेमकं सरकारी बैठका वगैरे असल्या की अंग चोरतं, आणि कायद्याच्या बाजूनेही ते स्वच्छ प्रकरण नाही. पाच जणांना पाच पॅक लागतच नाहीत. दोघांचे घ्या आणि बाकीच्यांना हॉटस्पॉट द्या. फक्त ज्यांच्या बँकेच्या नंबरवर ओटीपी येणार आहे त्यांचं सिम फोनमधे आणि रोमिंगवर चालू राहू दे.

इचलकरंजी_एक्स्प्रेस
राम राम. कापडाच्या धंद्यापायी आमचं केचियाओला येणंजाणं असतंय, शाओशिंगजवळ हाय, जगातली लई मोठी कापडाची पेठ. तिथं आपली माणसं इतकी की जेवणाची काळजी नाही, पण तुमचा रूट वेगळा हाय.

व्हिसा सांगतो. तुमाला पर्यटनाचा, एल म्हणत्यात त्यो. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग पासपोर्ट मुंबईच्या व्हिसा सेंटरला. पासपोर्टची मुदत सहा महिन्याच्या वर पायजे. जायचं यायचं तिकीट आणि सगळ्या रात्रींची हॉटेलं दाखवावी लागत्यात, म्हणून हॉटेल रद्द करता येतील अशीच बुक करा. दिवाळीच्या आधी गर्दी हुतीय, सप्टेंबरातच कामाला लागा. ते दहा दिवस बिनव्हिसाचा ट्रान्झिट म्हणून यूट्यूबवर सांगत्यात ना, त्यो ५५ देशांना हाय, त्यात भारत नाही. उगा फसू नका.

आणि एक. हाँगकाँगमार्गे तिकीट स्वस्त दिसतंय म्हणून मधेच दोन दिवस हाँगकाँग बघून यू असं ठरवलं तर ध्यानात ठेवा, चीनमधनं हाँगकाँगला गेलं म्हणजे चीन सोडला असं धरत्यात. परत आत यायचं तर दोन एंट्रीचा व्हिसा लागतोय. हाँगकाँगला उतरायला वेगळी नोंदणी हाय, ऑनलाइन, फुकट, १४ दिवस राहता येतंय. शेवटाला हाँगकाँग ठेवलं तर मग भानगडच नाही.

थेट विमानं ऑक्टोबर २०२५ पासनं परत सुरू झाल्यात, पहिलं कलकत्ता-ग्वांगझू झालं. तुमी मुंबईकर, भाव बघून ठरवा. सिंगापूरमार्गे गेला तर फराळात खसखस नको, तिथं बंदी हाय. अनारसे घरीच ठेवा.

अजून पॉवर बँक. २८ जून २०२५ पासनं चीनच्या आतल्या विमानात त्यांचा थ्री सी म्हणून सुरक्षेचा छाप असतोय त्यो नसलेली पॉवर बँक चालत नाही, सिक्युरिटीला काढून घेत्यात. आपल्याकडच्या बऱ्याचशा तसल्या छापाच्या नसत्यात. तुमी शहरं रेल्वेनं केली तर प्रश्न नाही. न्हाईतर तिथंच घ्या, दुकानात भाड्यानंबी मिळतीय, कोड मारायचा, घ्यायची, दुसऱ्या दुकानात परत लावायची.

ओवी_ठाणे
बापरे, इतकं पटापट! दादा, पॉवर बँकचं आणि हाँगकाँगचं माहीतच नव्हतं, आम्ही खरंच मधे हाँगकाँग घालायच्या विचारात होतो. रद्द. आता खाण्याचं कुणीतरी सांगा, आई आत्तापासूनच मी केळ्यांवर राहीन म्हणतेय.

मेतकूट
आले आले. तीर्थरूप सासू-सासऱ्यांना घेऊन जाऊन आलेय, तेही कांदा-लसूण मोजून खाणारे.

आधी हे समजून घ्या की तिथे भाज्या भरपूर आहेत, आपल्यापेक्षा जास्त आणि ताज्या. अडचण भाजीची नाही, भाजीत काय पडतं त्याची आहे. चरबीवर परततात, कोंबडी-डुकराच्या रश्शात शिजवतात, नाहीतर वरून खिमा भुरभुरवतात, आणि त्यांच्या लेखी ती भाजीच असते. त्यामुळे नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, मांस नको, खिमा नको, चरबी नको, हाडांचा रस्सा नको, अंडं नको, मासळीचा सॉस नको असं सगळं चिनी लिपीत लिहून त्याचा फोटो फोनच्या स्क्रीनवर ठेवायचा आणि ऑर्डरच्या आधी दाखवायचा. आम्ही ते कार्ड छापून सासूबाईंच्या पर्समधेही ठेवलं होतं. बोलायला वो छी सू एवढं पुरे, म्हणजे मी शाकाहारी खाते.

काय मागवायचं: ती सान शियान, बटाटा वांगं ढोबळी मिरची परतलेली, आई खूश होतील. आंबट-तिखट बटाट्याचा कीस. लसणावर परतलेली पालेभाजी, कुठलीही. शिआनला लियांगफी, म्हणजे गार रुंद शेवया वरून तिखट तेल आणि व्हिनेगर, ती गाडीवर मिळते आणि मुळातच बिनमांसाची. मापो टोफू नावाला टोफू, त्यात बहुतेक ठिकाणी खिमा असतो, विचारल्याशिवाय नको. परतलेल्या फरसबीचंही तेच. टोमॅटो-अंडं सगळीकडे मिळतं, पण तुमच्याकडे अंडं नाही म्हणताय.

बौद्ध मंदिरांच्या आसपास पूर्ण शाकाहारी हॉटेलं असतात, कांदा-लसूणसुद्धा नाही, तिथे एकदा तरी जा. ताटात मासा किंवा बदक दिसलं तर घाबरू नका, सोयाचं असतं. सासरे पहिल्यांदा बघून उठूनच निघाले होते, वेटरने किचनमधून टोफूचा ठोकळा आणून दाखवला तेव्हा बसले.

आणि उकळतं पाणी! हे चीनचं सगळ्यात मोठं सुख. रेल्वेच्या डब्यात, स्टेशनवर, विमानतळावर नळाला उकळतं पाणी, आणि खोलीत किटली. त्यामुळे गरम पाणी घालून होणारे पोहे, उपमा, मेतकूट-भाताची पाकिटं न्या, एक वेळचं जेवण त्यावर निभतं. नळाचं पाणी तसं पिऊ नका. ताजी फळं, भाज्या, बियाणं, दूध-लोणी-चीज यातलं काही नेऊ नका, कस्टमला चालत नाही, तूपही त्यातच धरा.

लातूरची_माय
मेतकूट ताईचं सगळं बरोबर, पण मी म्हणते घरून सगळं बांधून न्यायचं कशाला ओ. माझी लेक तिकडं एमबीबीएसला होती, मी तिच्याकडं राहून आले. रोज बाजारातून टोफू, पालक, मशरूम आणायचो. तिकडच्या बाया आपल्यासारख्याच निवडून निवडून घेतात, भाव करतात. पाकिटातले पोहे खायला चीनला जायची काय गरज. जरा धीर धरून विचारा, करून देतात. एका नूडलवाल्यानं आमच्यासाठी वेगळं पातेलं काढलं, साध्या पाण्यात शिजवून शेंगदाण्याचा कूट आणि तिखट घालून दिलं.

माझं सांगणं वेगळंच आहे. कुणाच्या घरी उतरलात तर २४ तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद करावी लागते. हॉटेलवाले ती आपोआप करतात, घरी राहिलं तर आपण जायचं. आम्ही लेकीसोबत गेलो, पासपोर्ट बघितला, कागद दिला, अर्ध्या तासात मोकळे. पासपोर्ट मात्र सतत जवळ ठेवा, तिकीट काढायला, संग्रहालयात, रेल्वेत, सगळीकडं तोच मागतात. हिच्याकडं नाही त्याच्याकडं असं चालत नाही, ज्याचा त्यानं.

अजून सांगते, लाजू नये. संडास बहुतेक खाली बसायचे असतात, त्याचं आपल्याला काही नाही, पण गुडघेवाल्यांचं अवघड. मोठ्या मॉलमधे, स्टेशनवर अपंगांसाठीच्या खोलीत कमोड असतो. पाण्याचा जेट कुठंच नाही आणि कागदही असेलच असं नाही. टिश्यू आणि दाबायची छोटी बाटली पर्समधे कायम.

फिरस्ता_देवगड
जेटची बाटली नोंदवली. हे कुठल्याच ट्रॅव्हल ब्लॉगवर कुणी लिहीत नाही.

मेतकूट
माय, पातेलं वेगळं काढणारा तुम्हाला भेटला, प्रत्येकाला भेटत नाही. रात्री नऊला गाडीतून उतरून भुकेलेले दोन म्हातारे सोबत असले की पाकिटातले पोहे देवासारखे वाटतात :)

लातूरची_माय
ते मात्र खरं.

पुदोंगकर
खाण्याचं झालं तर रेल्वे आणि तिकिटांचं सांगतो, कारण इथे उशीर झाला तर पैसे टाकूनही मिळत नाही.

रेल्वे: अधिकृत ॲप १२३०६, इंग्रजीत आहे. त्यात पासपोर्ट नोंदवून मंजूर व्हायला वेळ लागू शकतो म्हणून आत्ताच करून टाका. विक्री प्रवासाच्या १५ दिवस आधी उघडते. ते नको असेल तर ट्रिप डॉट कॉमवरून काढा, थोडं कमिशन जातं पण कटकट नाही. कागदी तिकीट नसतंच, पासपोर्ट हेच तिकीट. गेटवर पासपोर्ट वाचणारं मशीन असतं, नाही चाललं तर बाजूला माणूस बसलेला असतो. मुलगा ९ वर्षांचा म्हणजे त्याचं अर्धं तिकीट, ६ ते १४ ला अर्धं असतं. जी अक्षराच्या गाड्या सगळ्यात वेगवान, बीजिंग-शांघाय १३१८ किलोमीटर आणि चांगली गाडी साडेचार तासात नेते. बीजिंग-शिआन साडेचार ते सहा तास. बाबांसाठी फर्स्ट क्लास बघा, दोन-दोन सीट असतात, पाय पसरता येतात.

स्टेशनं विमानतळाएवढी आहेत आणि एका शहरात चार-पाच. बॅगा स्कॅन होतात, भाजी चिरायची सुरी, कात्री असलं काही नको, डिओ-हेअरस्प्रेचा डबा १२० मिलीच्या वर असेल तर काढून घेतात. गेट गाडीच्या काही मिनिटं आधी बंद होतं ते होतंच, विनवण्या चालत नाहीत. तासभर आधी पोचा.

फॉरबिडन सिटी, म्हणजे बीजिंगचा जुना राजवाडा: पासपोर्ट नंबर देऊन ऑनलाइन बुकिंग, ७ दिवस आधी, बीजिंगच्या रात्री ८ ला तिकिटं सुटतात. आपण अडीच तास मागे, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. दिवसाला ४० हजार माणसं सोडतात आणि चांगल्या दिवसांत ती भरभर संपतात. नोव्हेंबरात तिकीट ४० युआन. सोमवारी बंद असतं, आणि ९ नोव्हेंबर सोमवार आहे, बघून ठेवा. दक्षिणेच्या दारातून आत, उत्तरेच्या दारातून बाहेर, सरळ रेषेतच जवळजवळ एक किलोमीटर आणि मधे पायऱ्या-उंबरे. बाबांना आधीच्या दिवशी विश्रांती द्या.

चीनची भिंत: बादालिंगचा भाग नको, मुतियान्यूचा करा. केबल कार वर भिंतीपर्यंत नेते आणि खाली येताना मुलाला घसरगाडी आहे. बाबा केबल कारनेच परत येतील. पाच जण आहात तर हॉटेलवरून दिवसभराची गाडी ठरवा, बसच्या भानगडीत पडू नका.

एकारांत
शिआनचं थोडं मी टाकतो. मातीच्या सैनिकांचं संग्रहालय शहरात नाही, लिनथोंगला, पूर्वेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलं ते. तिकीट १२० युआन, पासपोर्टवर बुकिंग. स्टेशनबाहेर स्वस्तात नेतो म्हणणारे भेटतात ते आधी जेडच्या दुकानात आणि भलत्याच प्रदर्शनात फिरवून आणतात, त्यांना सरळ टाळा. उत्खननाच्या तीन खड्ड्यांपैकी एक नंबरचा शेवटी बघा असं बरेचजण सांगतात, मला ते पटत नाही, दमायच्या आधी एक नंबर बघून घ्या. शहराची तटबंदी जवळपास १४ किलोमीटर आहे, वर सायकली भाड्याने मिळतात, मुलाला आवडेल. आणि मोठा पॅगोडा (जायंट वाइल्ड गूस पॅगोडा) चुकवू नका, ह्युएन त्संगाने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी बांधलेला. हाच बाबा सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात म्हणजे आपल्याकडे येऊन गेला आणि इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं, की मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत. धाग्यांवरचे वाद बघता अजून लागू आहे.

इचलकरंजी_एक्स्प्रेस
ह्ये बेस्ट हाय एकारांत साहेब.

रस्त्याचं कुणी सांगितलं न्हाई म्हणून. तिथं गाड्या उजवीकडनं चालत्यात, आणि लाल सिग्नलला बी उजवीकडं वळणाऱ्या गाड्या येत्यात. त्याहून भ्या इलेक्ट्रिक स्कूटरचं. आवाज शून्य, फुटपाथवरनं, मागनं, उलट्या बाजूनं, कुठनंबी. पोराचा हात सोडू नका.

शांघायला नानजिंग रोडवर, बीजिंगला वांगफुजिंगला गोड बोलणारी पोरं-पोरी येत्यात, आमाला इंग्रजीचा सराव करायचा, चला चहाचा समारंभ बघू. गेला की बिल हजारात. नको म्हणायचं आणि चालू लागायचं. बाकी चीन रात्री बाराला बी सुरक्षित हाय, बायामाणसं एकटी फिरत्यात.

मोठ्या दुकानात भाव करू नका. बाजारात करा, कॅल्क्युलेटर हातात देत्यात, आकडा टाकायचा. टिप कुठंच द्यायची नसतीय.

शिंचूवासी
अवांतर होईल पण लिहितो, कारण असे धागे वाचून काहीजण तैवानलाही तसंच समजून येतात. मी शिंचूला आहे. इथे गुगल, व्हॉट्सॲप सगळं चालतं, अलीपेची गरज नाही, ईझीकार्ड घेतलं की मेट्रो, बस, कोपऱ्यावरचं दुकान सगळं त्यावर, रोकडही लागते. शाकाहार तर चीनच्या मानाने फारच सोपा, वजनावर विकणारी शाकाहारी भोजनालयं गल्लोगल्ली आहेत. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन, जपान अशा देशांचा व्हिसा असेल तर अटी बघून ऑनलाइन परवाना काढता येतो, नाहीतर नेहमीचा व्हिसा. चीनचा व्हिसा इथे उपयोगाचा नाही. मेतकूट ताईंचं कार्ड इथे आणणार असाल तर जुन्या लिपीत छापून आणा, दोन्हीकडची अक्षरं थोडी वेगळी असतात. ज्या आई-बाबांना चीनची धास्ती वाटते त्यांना आधी इथे आणा असा माझा आगाऊ सल्ला.

ओवी_ठाणे
सगळ्यांना दंडवत! धागा आईला वाचून दाखवला, केळ्यांवरून आता ती सोयाच्या बदकावर आलीय. अजून दोन शंका. एक, थंडी किती असेल? दोन, बाबांचं बालपण सोलापूरचं, त्यांना बीजिंगहून डॉ. कोटणीसांच्या समाधीला जायचंय. सोबत गुडघे, एका दिवसात जमेल का?

पुदोंगकर
थंडी: नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बीजिंगला दिवसा दहा-बारा, रात्री शून्याच्या जवळ. गंमत अशी की शहराचं हीटिंग सरकारी वेळापत्रकाने १५ नोव्हेंबरला सुरू होतं, त्याच्या आधी पाईप गार. त्यामुळे हॉटेल बुक करताना एसीला गरम हवा आहे का ते विचारूनच घ्या, स्वस्त जागी अंगावर स्वेटर घालून झोपावं लागतं. शांघायला असं मध्यवर्ती हीटिंग नसतंच, तिथे दमट गारवा. आतून थर्मल आणि कानटोपी आई-बाबांना हवीच.

कोटणीस: समाधी शिजियाझुआंगला, उत्तर चीनच्या सैनिकी हुतात्मा स्मारक उद्यानात आहे. १९३८ साली आलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले ते, ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. तिथे त्यांचा पुतळा आहे, जवळच कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांचीही समाधी आहे. उद्यान सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. सकाळी निघून संध्याकाळी परत, सहज होतं. जुन्या पिढीतल्या लोकांना खदिहुआ म्हटलं की कळतं, हे त्यांचं चिनी नाव. बाबा सोलापूरचे आहेत हे ट्रान्सलेटरवर लिहून तिथल्या माणसाला दाखवा, बाबांना चांगलं वाटेल.

ओवी_ठाणे
बाबा आत्ताच तयार होऊन बसलेत. गाडी कुठल्या स्टेशनवरून?

पुदोंगकर
बहुतेक गाड्या बीजिंग वेस्टवरून, सव्वा-दीड तास. तुमची शांघायची गाडी बीजिंग साऊथवरून असेल, तर दोन स्टेशनांची गल्लत करू नका, दोन्हींत बरंच अंतर आहे. हॉटेल मेट्रो लाइन ७ किंवा ९ च्या जवळ घेतलंत तर वेस्टला गाडी न बदलता पोचाल.